बांधाखालच्या दोन बॅगा

सकाळी सातच्या सुमारास आंबा पडला. एवढं मोठं झाड, पण आवाज फारसा झाला नाही. अर्धं खोड आतून पोकळ होतं. इस्माईलने कटर बंद केला, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "पडला अप्पा तुमचा आंबा."

"पडला नाय, पाडला," अप्पा रेवाळे म्हणाले. "आणि बोलत बसू नको. संध्याकाळच्या एसटीच्या आत सगळं बॅगांत गेलं पाहिजे."

"एसटीनं कोण येतंय? गिऱ्हाईक?"

"भाऊ येतोय."

इस्माईलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. रेवाळ्यांच्या दोन भावांचं बोलणं बंद आहे हे पाटकोंड गावात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

मी तेव्हा तालुक्याच्या तिठ्यावर लाकडांची वखार चालवत होते. वखार नवऱ्याची, तो गेल्यावर माझ्याकडे आली. घाटावरच्या बेकऱ्या आणि समुद्राकडची हॉटेलं माझ्याकडून फोडलेलं सरपण घ्यायची, आणि ते मी जंबो बॅगांत भरून पाठवायचे. जंबो बॅग म्हणजे कारखान्यातून निघणारी, माणसाच्या छातीएवढी उंच, चौकोनी प्लॅस्टिकची पिशवी. वर चार कान असतात. कानांत साखळी अडकवली की ट्रॅक्टरचा लोडर ती उचलतो.

दोन दिवसांपूर्वी अप्पा वखारीत आले होते. सत्तरी ओलांडलेला, काटक माणूस. म्हणाले, "माझा एक रायवळ आंबा पाडायचा आहे. फोडून बॅगांत भरून द्यायचा."

"कुठे पाठवायचा?"

"कुठे नाय. माझ्याच दारात ठेवायचा."

लोक मला लाकूड विकायला येत. लाकूड ठेवून जायला सांगणारा हा पहिलाच. दिवाळी झाली होती, पाऊस संपला होता, माझा कटरवाला इस्माईल मोकळा होता. मी हो म्हणाले.

आता झाड आडवं पडलं होतं आणि काम कुठे मांडायचं हे ठरवायचं होतं. अप्पांचं अंगण वरच्या टप्प्यावर होतं. त्याला लागून जांभ्या दगडाचा बांध, आणि बांधाखाली त्यांच्या धाकट्या भावाची, नानांची जागा. नाना मुंबईला, खालचं घर गणपती सोडले तर बंद. आंबा बरोब्बर बांधावर उभा होता. म्हणून तो सामाईक.

"बॅगा खाली उभ्या करू," मी म्हणाले. "बांधाच्या पायथ्याशी."

"खाली नको."

"अप्पा, फोडणारा वर उभा राहिला आणि बॅगेचं तोंड त्याच्या पायाच्या पातळीवर आलं, की फोडलेलं लाकूड पत्र्यावरून थेट बॅगेत घसरतं. उचलायला नको, वाकायला नको. इथे अंगणात बॅग ठेवली तर प्रत्येक तुकडा जमिनीवरून उचला, छातीपर्यंत न्या, आत टाका. दिवस पुरायचा नाही."

"ती जागा नान्याची आहे."

"चार वाजता लोडर येतो. तो खालूनच उचलेल आणि तुमच्या अंगणात ठेवेल. गवताची एक काडी तिथे उगवायच्या आत बॅगा वर येतील."

अप्पांनी एकदा खालच्या बंद घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. खाली तर खाली."

आम्ही लोखंडी चौकट खाली उतरवली. चार पाय, वर चार आकडे. बॅगेचे चार कान चार आकड्यांना अडकवले की तिचं तोंड उघडं राहतं, कुणी धरून उभं राहावं लागत नाही. बॅगांच्या अंगाला मी वखारीतच तापल्या सळईने भोकं पाडून आणली होती. बांधाच्या कडेवर फोडायचा ठोकळा बसवला आणि ठोकळ्यापासून बॅगेपर्यंत पन्हळीचा पत्रा उतरता लावला. लाकूड एकदाच हातात घ्यायचं, हा आमच्या वखारीचा नियम. जमिनीवर पडलेलं लाकूड म्हणजे दुप्पट काम.

इस्माईल कटरने हात-दीड हाताचे ओंडके पाडत गेला. मी कुऱ्हाड घेतली. जाड ओंडक्यांना पाचर आणि घण. फुटलेला तुकडा पायाने ढकलला की पत्र्यावरून खडखडत खाली. काम लयीत आलं होतं, एवढ्यात पत्र्याचा आवाज थांबला. पाहिलं तर अप्पा खाली उतरून बॅगेपाशी उभे. घसरत येणारं लाकूड अर्ध्यात अडवत होते आणि एकेक तुकडा हाताने आत नीट निजवत होते.

"अप्पा, लाकडाला पाळण्यात घालताय काय?" इस्माईल वरून ओरडला. "अंगाई पण म्हणा."

"टाकलं की मधे जागा वाया जाते. रचलं की जास्त मावतं."

"मावतं," मी म्हणाले. "पण ओलं लाकूड एकमेकांना चिकटून बसलं की बुरशी धरतं. टाकलेल्या लाकडाच्या मधून वारा फिरतो. चार कोपऱ्यांत तेवढी चार-चार उभी लावा, म्हणजे बॅग चौकोनी राहील, कलंडणार नाही. बाकीचं पडू दे तसं पडू दे."

"आणि वाळणार कधी?"

"बारीक आहे ते पुढच्या दिवाळीपर्यंत. जाड फाटी दोन पावसाळे."

"दोन पावसाळे." अप्पांनी मनाशी हिशोब केल्यासारखी मान हलवली. "चालेल. तेवढा थांबतो मी."

"भाव चढायची वाट बघताय वाटतं," इस्माईल म्हणाला.

"होय तर," अप्पा म्हणाले. "माझा भाव वाढतोच आहे दरवर्षी."

कोपरे त्यांनी लावले. पुढे लाकूड पडत गेलं. मधूनमधून मी खाली उतरून बॅगेचे कान धरून गदागदा हलवत होते, की मधलं लाकूड बसतं आणि वरून आणखी मावतं. अप्पा बॅगेच्या भोवती फिरत होते. बाहेर उडालेली ढलपी उचलून आत टाकत होते. बोटाएवढा तुकडाही सोडत नव्हते.

"ती राहू द्या हो," मी म्हणाले. "चुलीत जातील."

"चुलीत नाय जायची. ह्यातलं काय चुलीत जायचं नाय. आणि नान्याच्या हाताला एक काटकी लागता कामा नये. तो यायच्या आत सगळं माझ्या अंगणात."

"त्यांना सांगितलं कुणी?"

"गावात तोंडं काय कमी आहेत? काल रात्रीच फोन गेला असेल."

जेवणाच्या आधी इस्माईल खोडापाशी आला आणि त्याने मला हाक मारली. बुंध्यापासून दोन पुरुष उंचीवर दोन जुने घाव होते. दोन जाड फांद्या कधीतरी तोडलेल्या. एक घाव खूप जुना, साल त्याच्यावर ओठासारखी वळून आली होती. दुसरा त्यामानाने अलीकडचा. पाणी तिथूनच आत गेलं होतं आणि खोड पोकळ झालं होतं.

"ह्या फांद्या कुणी काढल्या अप्पा? झाडाचं वाटोळं केलं."

अप्पांनी पाहिलं. "लागल्या कामाला," म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या घेऊन पडवीत गेले.

चारपर्यंत दोन बॅगा भरल्या. दुसरी काठोकाठ नव्हती. उरला तो पोकळ बुंधा, वाळवीने खाल्लेला. हात घातला तर भुसा. अप्पा बांधावर उभे राहून खाली बघत होते.

"दोनच?"

"पोकळ होता ना."

"ह्या दोन पुरतील?"

"कशाला?"

"पुरतील काय ते सांग. भर पावसात. उघड्यावर."

"भर पावसात उघड्यावर कोण जाळ करतो अप्पा?"

मी लोडरवाल्याला फोन लावला. तो नदीवर वाळूच्या गाडीत अडकला होता, निघतो म्हणाला. अप्पा पडवीतून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून बांधापर्यंत येरझाऱ्या घालू लागले. एकदा खाली उतरून त्यांनी भरलेल्या बॅगेला खांदा लावून पाहिला. बॅग जागची हलली नाही.

"दोर लावून वर ओढू," ते म्हणाले. "तिघं आहोत."

"तीस जण लागतील," इस्माईल म्हणाला. "आणि तीस जण आले तर त्यांना चहा कोण देणार? तुमच्याकडे दोन कप आहेत."

एसटी आली. लोडर आला नव्हता.

शांताराम रेवाळे, म्हणजे नाना, खालच्या वाटेने आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रेक्झिनची पिशवी. आपल्या घराचं कुलूप न काढता ते थेट बांधापाशी आले. बॅगांना वळसा घातला, दगडांवर पाय देत वर चढले आणि बुंध्यासमोर उभे राहिले. कापलेल्या भागावर चीक आला होता. त्यांनी त्यावर बोट टेकवलं, बोटाचा वास घेतला. भावाकडे पाहिलं नाही.

"बाय," ते मला म्हणाले, "सामाईक झाड कोणाच्या सांगण्यावरून पाडलं?"

मी अप्पांकडे पाहिलं.

"त्याला सांग," अप्पा मला म्हणाले, "थोरल्याच्या."

"त्याला विचार, थोरल्याला सामाईक म्हणजे काय ते शाळेत शिकवलं नाय काय?"

"त्याला सांग, तो शिकावा म्हणून मी शाळा सोडली."

दोघांत चार पावलांचं अंतर होतं आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "तुम्हा दोघांना ऐकू येतंय. मी मधे काय करू?"

"तू मधे उभी राहा," अप्पा म्हणाले. "पाच वर्षं कोणीतरी मधे उभं आहे म्हणून चाललंय. आणि आता त्याला विचार, मंदा गेली तेव्हा फोनवर काय म्हणाला होता."

नानांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाय सांगत ना? मी सांगतो." अप्पांचा आवाज चढला नव्हता. "आषाढ होता. आठ दिवस पाऊस उघडला नव्हता. वाडीत कोणाच्या घरात कोरडं लाकूड नाय. मी म्हटलं, बांधावरच्या आंब्याची वाळलेली फांदी काढतो. तर हा मुंबईवरून म्हणाला, वाटण्या होईपर्यंत सामाईक झाडाला हात लावायचा नाय. मग ऐनाचं ओलं लाकूड घातलं. पेटेना. वाडीतल्या पोरांनी कुठून तरी ट्रकचे टायर आणले. रॉकेल ओतलं. बायको माझी टायरवर जळली. काळा धूर आणि वास. दुसऱ्या दिवशी राख गोळा करायला गेलो तर..." ते थांबले. "परत पेटवावी लागली."

इस्माईल कटरची साखळी पुसत होता, तो पुसायचा थांबला.

"मला काय माहीत, एवढा पाऊस असेल," नाना म्हणाले. माझ्याकडे बघूनच.

"त्याला विचार, मुंबईत पाऊस नव्हता?"

नानांनी रेक्झिनची पिशवी खाली ठेवली.

"म्हणून हा आंबा माझ्यासाठी आहे," अप्पा म्हणाले. "माझी लाकडं मी माझ्या डोळ्यांदेखत फोडून, वाळवून ठेवणार. आषाढात गेलो तरी चालेल. मला टायर नकोत. विकायला नाय पाडला मी. हे त्याला सांग."

सांगायची गरज नव्हती. दोन पावसाळे थांबतो म्हणाले ते कशासाठी, आणि पुरतील का म्हणून काय विचारत होते, ते मला तेव्हा कळलं. इस्माईलने डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"आणि मी?" नाना म्हणाले. ह्या वेळी ते माझ्याकडे बघत नव्हते. "बाबा ह्याच्या फांदीवर गेले. आये ह्याच्या फांदीवर गेली. दोन्ही वेळा फांदी मी चढून तोडली, तू खाली दोर धरून होतास. आणि मी काय मुंबईला विजेच्या बटणावर जायचं? पोरगा बटण दाबणार, दार बंद, पुढचा नंबर?"

पाच वर्षांत त्यांनी थेट भावाला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द. अप्पांना ते लक्षात यायला क्षणभर लागला.

"तुझं तू बघ," ते म्हणाले. पण आता तेही थेट नानांनाच.

"बघतोच. अर्धं माझं. दोन बॅगा आहेत, एक तुझी, एक माझी."

"एका बॅगेत माणूस कमरेपर्यंत जळेल. वरचा घेणार की खालचा?"

इस्माईलला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घातलं.

"बॅगा माझ्या जमिनीत उभ्या आहेत," नाना म्हणाले. "मी त्या हलू देणार नाय. माझ्या जागेत कशाला उभ्या केल्यास?"

"मी सांगितलं," मी म्हणाले. "वरून फोडून खाली घसरवायला सोपं पडतं."

"आणि ह्यानं ऐकलं?"

"ऐकलं," अप्पा म्हणाले.

"हा? माझ्या जागेत शेळी गेली तर दगड मारतो हा."

"ऐकलं म्हटलं ना."

नाना भावाकडे बघत राहिले. तेवढ्यात खालच्या वाटेवर हॉर्न वाजला. लोडर आला होता. ड्रायव्हरने नानांच्या अंगणातून ट्रॅक्टर बांधापर्यंत आणला, लोडर वर उचलला आणि ओरडला, "कुठली आधी उचलू?"

त्याने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं.

"अहो, इंजिन चालू आहे. उचलू की नको?"

"मग काय," इस्माईल हळूच म्हणाला, "ठेवा इथेच. जो पहिला जाईल तो घेऊन जाईल."

मी त्याच्यावर डोळे वटारले. पण अप्पांनी ते मनावर घेतलं होतं.

"मी थोरला," ते म्हणाले. "मान माझा."

"मला शुगर आहे," नाना म्हणाले. "दहा वर्षांची."

"शुगरनं कोण मरतं? मला दमा आहे."

"माझी बायपास झालीय."

"झाली म्हणजे दुरुस्त झाला की तू."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली.

अंधार पडायच्या आत ठरलं ते असं. बॅगा आहेत तिथे राहतील. दोघांतला जो आधी जाईल, त्याची लाकडं. उरेल त्याने आपली सोय आपण करावी. आणि तोपर्यंत एकट्याने कोणी लाकडाला हात लावायचा नाही. उघडायची झाली बॅग तर दोघं समोर हवेत. साक्षीला मी आणि इस्माईल. लोडरवाला रिकामा परत गेला.

नाना दुसऱ्या दिवशीच्या एसटीने जाणार होते. गेले नाहीत. मुंबईला फोन करून सांगितलं, बॅगांवर नजर ठेवायला पाहिजे, ह्या माणसाचा भरवसा नाही. आठवड्याने बायको येऊन कपडे देऊन गेली. पुढे तीही येऊन राहू लागली, पण तिचं निम्मं वर्ष मुलाकडे जाई.

त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

जंबो बॅगेचं एक असतं. ऊन लागलं की तिचा धागा कुजतो. वरून बॅग चांगली दिसते, पण कान ओढला की हातात भुगा येतो. पहिल्या पावसाळ्यानंतर मी सहज म्हणून पाटकोंडला गेले, तर एक बॅग कोपऱ्यात उसवली होती. मी दोघांना म्हणाले, "बॅगा ठेवूच नका. तिथेच चार वासे घाला, वर पत्रा टाका, लाकडाची गंजी रचा. वारा लागेल, लाकूड टिकेल, दरवर्षीची कटकट नाही."

"नको," अप्पा म्हणाले. "गंजीतनं एखादं फाटं कोणी काढलं तर कळायचं नाय."

"बॅगाच बऱ्या," नाना म्हणाले. "तोंड बांधलं की प्रश्न मिटला."

माझ्यासमोर त्यांचं न भांडता एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

म्हणून दरवर्षी दिवाळी झाली की मी दोन नव्या बॅगा आणि चौकट घेऊन जाते. जुनी बॅग आडवी पाडायची, लाकूड चटईवर पसरायचं, भुंग्याने पोखरलेलं बाजूला काढायचं, उरलेलं नव्या बॅगेत भरायचं. लाकूड घसरवायचा पत्रा लावा, असं मी पहिल्या वर्षी सांगितलं होतं. नको म्हणाले. दोघं समोरासमोर बसतात आणि एकेक लाकूड हातातून हातात देतात. नाना पसाऱ्यातून उचलतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकतात. खण वाजलं तर चांगलं. मग अप्पांकडे देतात. अप्पा पुन्हा आपटतात. मग बॅगेत. माझी माणसं तासाभरात भरतील ते काम ते दोघं सकाळपासून दिवे लागेपर्यंत पुरवतात. मी एरवी असं काम बघू शकत नाही. तिथे बसते.

एकदा नानांनी एक जाड तुकडा हातात धरून ठेवला.

"ही आयेच्या फांदीच्या जवळची. गाठ बघ."

"ती नव्हे. आयेची पूर्वेची."

"पूर्वेची बाबांची. मी चढलो होतो, मला माहीत."

"तू चढला होतास आणि रडत होतास. तुला काय दिशा कळत होती?"

"रडत तू होतास. खालून. दोर ढिला सोडलास म्हणून माझा पाय घसरला."

"बरं, दे इकडे. दोघांची असू दे."

दुसऱ्या एका वर्षी अप्पांनी भरलेल्या बॅगेला खांदा लावून पाहिला. ती थोडी सरकली.

"हलकी झाली लाकडं," नाना म्हणाले.

"आपण पण झालोच की."

"माझी लाकडं मसणात गेली म्हणतात लोक म्हातारे झाले की. आपली अजून बांधालाच आहेत."

"जातील. घाई कसली?"

इस्माईल एकदा माझ्या कानात म्हणाला होता, ताई, ही लाकडं अजून दोन-तीन वर्षांत भुसा होतील, मग हे काय करणार? मी त्याला म्हणाले, तू त्यांना सांग. तो म्हणाला, मी नाही सांगणार. एका वर्षी पोखरलेल्या तुकड्यांचा ढीग बॅगेत घातलेल्या लाकडांएवढा झाला. दोघांनी तो पाहिला. नानांनी सुतळी घेतली, बॅगेचं तोंड बांधलं आणि सुतळीचं दुसरं टोक अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी गाठ मारली. पुढच्या वर्षी बुंध्याच्या मुळातून आलेली फूट दोघांनी मला दाखवली. तिच्याभोवती काटेरी कुंपण घातलं होतं. झाड सामाईक आहे, नाना म्हणाले. अप्पा म्हणाले, अर्थात.

ह्या भादव्यात अप्पा न्हाणीत पडले. मांडीचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा मुंबईहून गाडी घेऊन आला आणि त्यांना डोंबिवलीला घेऊन गेला. ऑपरेशन झालं. परत कधी येणार ते मुलाला सांगता येत नाही. आता एवढ्या वयात गावी एकटं कशाला, असं त्याचं म्हणणं आहे.

दिवाळी झाल्यावर मी नेहमीप्रमाणे बॅगा घेऊन पाटकोंडला गेले. नाना बांधाखाली खुर्ची टाकून बसले होते.

"बदलायच्या ना?" मी विचारलं.

"नाय."

"नाना, एक फाटलीय."

"दिसतंय मला. तो नाय. एकट्यानं हात लावायचा नाय असं ठरलंय. तू साक्षीला होतीस."

"मी आहे, इस्माईल आहे. त्यांना फोनवर विचारू."

मी फोन लावला. मुलाने तो अप्पांच्या कानाशी धरला. नानांनी माझ्या हातातून घेतला.

"बॅग फाटलीय," नाना म्हणाले.

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

"नाय. हात नाय लावला. तू ये, मग बघू." थोडा वेळ ऐकून घेतलं. "तिथे बटण आहे म्हणे. पोरगा सांगत होता." परत ऐकलं. "ये म्हणतोय ना. आयला, मला काय घाई आहे?"

फोन माझ्याकडे परत आला तेव्हा बंद झाला होता.

नव्या बॅगा मी त्यांच्या पडवीत ठेवून आले. काल इस्माईल त्या बाजूला गेला होता. तो म्हणाला, फाटलेल्या बॅगेतून सात-आठ लाकडं बांधाखाली गवतात येऊन पडली आहेत. नानांनी त्यांच्यावर ताडपत्री टाकली आहे. उचललेली नाहीत.